टाटिसची जर्सी परत घालू का कपाटातच राहू देऊ?

तर्रीवाला
मंडळी, प्रश्न येडपट वाटेल पण खरंच विचारतोय. मावसभाऊ सॅन डिएगोला असतो, त्याच्यामुळे बेसबॉलचं वेड लागलं आणि टीम पण पाद्रेसच. त्यांची तिकडची संध्याकाळची मॅच आपल्याकडे सकाळी सातच्या सुमाराला लागते, म्हणजे २०१९ पासून चहा, पेपर आणि फर्नांडो टाटिस ज्युनियर असा नेमच झाला होता. भावाने २३ नंबरची जर्सी आणली ती कॉलेज रोडला मिरवायचो, लोक विचारायचे हा कुठला फुटबॉलवाला. मग ऑगस्ट २०२२ मधे गडी क्लोस्टेबोल नावाच्या स्टेरॉइडला पॉझिटिव्ह, ८० मॅच बाहेर. आणि कारण काय तर म्हणे गजकर्णावरच्या औषधातून गेलं! अरे १४ वर्षांचा ३४ कोटी डॉलरचा करार तुझा, एक फोन करून टीमच्या डॉक्टरला विचारायचं ना. जर्सी तेव्हापासून कपाटात. आता २०२३ ला परत येऊन राइट फील्डला गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे फील्डिंगचं बक्षीस, पण घेतलं त्याने, भारीच खेळतो, पण टाळी वाजवायला गेलं की हात अडखळतो.

फिरकी_गोदाकाठ
घाल की राव. शेन वॉर्नला २००३ च्या वर्ल्ड कपमधून घरी पाठवलं, आईने बारीक दिसायला गोळी दिली म्हणाला, वर्षभर बंदी भोगली. त्याच्या ७०८ विकेट्सना आज कोण नावं ठेवतं?

पंचवटीकर
वॉर्नची गोळी लघवी वाढवणारी होती हो, हे स्टेरॉइड आहे, एका मापात नका मोजू. मी १९९८ ला कंपनीच्या कामाने शिकागोत होतो. मॅरिसचा एका सीझनला ६१ होमरनचा (आपल्या सिक्सरसारखा फटका) १९६१ पासूनचा रेकॉर्ड मोडायला मॅग्वायर आणि आमचा सोसा दोघं इरेला पेटलेले, ऑफिसात दुसरा विषय नाही, शेवटी ७० आणि ६६. २०१० ला मॅग्वायरने स्टेरॉइड घेतल्याचं कबूल केलं तेव्हा मला कोणी उधारी बुडवल्यासारखं वाटलं. बॅरी बाँड्सवर पण स्टेरॉइडचा संशय, त्याचे तर एका सीझनला ७३ होमरन, एकूण ७६२, तरी हॉल ऑफ फेमला (दिग्गजांच्या मानाच्या यादीला) लागतात ७५ टक्के मतं आणि दहाव्या म्हणजे शेवटच्या वर्षी मिळाली ६६. खरं सांगू, खेळाडूंपेक्षा राग लीगचा येतो, खेळाडूंचे दंड फुगलेले सगळ्या स्टेडियमला दिसत होते, पण तिकिटं खपत होती ना. टाटिस निदान सापडला आणि शिक्षा भोगून आला.

डबलबार
गजकर्णाला हसू नका लगेच, म्हणजे मला पण पटत नाही, ते क्लोस्टेबोलचं मलम जखमेवर लावायचं असतं. पण टेनिसवाला सिनर २०२४ ला त्याच क्लोस्टेबोलला सापडला, मसाजवाल्याच्या कापलेल्या बोटावरचा स्प्रे, तीन महिने बाहेर. आपला पृथ्वी शॉ २०१९ ला कफ सिरपमुळे आठ महिने. मी सातपूरला जिमला जायचो तिथे ट्रेनर दोन महिन्यांचा 'कोर्स' घे म्हणून मागे लागायचा, बाटलीवर धड लेबल पण नाही. मी पळालो. माझा एक पार्टनर नाही पळाला, त्याला खोटारडा म्हणायला मात्र जीभ उचलत नाही.

तर्रीवाला
पंचवटीकर काका, उधारी बुडवल्यासारखं, हेच हेच! आज सकाळी घातली शेवटी, घरातल्या घरात, कॉलेज रोडचं नंतर बघू. डांबरगोळ्यांचा वास कशाने जातो कोणी सांगेल का, बायको मॅच संपेपर्यंत गॅलरीत बस म्हणाली.