दुभत्या गायीच्या अंगावर मांस का धरत नाही?

पडवीकर, गुहागर:
आमच्या वाड्यात एक जर्सी संकरित गाय आणि एक देशी कोकण कपिला शेजारी-शेजारी बांधलेल्या असतात. संकरित गाय विऊन सहा आठवडे झाले असून ती दिवसाला १२ लिटर दूध देते. परंतु आंबोण, सरकी पेंड आणि पोटभर भाताचा पेंढा मिळूनही तिच्या बरगड्या दुरून मोजता याव्यात इतक्या वर आल्या आहेत. कपिला दोन लिटरांच्या पुढे जात नाही, आणि कातळावर चरून भरल्या पुठ्ठ्यांनी परत येते. जनावराचे अंग वितळून दूध होते, असे आमची आजी म्हणत असे. यात तथ्य किती? तसेच परदेशात दुधाच्या व मांसाच्या गायी वेगळ्या पाळतात, त्याअर्थी जास्त दुधामुळे मांसाची प्रत उतरते काय?

निवृत्त पशुवैद्य, दापोली:
आजींचे निरीक्षण बरेचसे खरे आहे. विल्यानंतर चौथ्या ते आठव्या आठवड्यात दूध सर्वाधिक असते, परंतु गायीचा आहार पूर्ण वाढायला दहा-बारा आठवडे लागतात, आणि मधली तूट शरीर स्वतःच्या साठ्यातून भरून काढते. एक लिटर दूध तयार होण्यास सुमारे ७२ ग्रॅम ग्लुकोज लागते, म्हणजे आपल्या गायीला रोज ८६० ग्रॅमहून अधिक. या दिवसांत रक्तातील इन्सुलिन घटते व स्नायू त्याला पुरेशी दाद देत नाहीत. कासेला मात्र ग्लुकोज उचलण्यासाठी इन्सुलिनची गरज नसल्यामुळे तिचा वाटा आधी निघतो. चरबी वितळते, आणि पहिल्या काही आठवड्यांत स्नायूंतील प्रथिनेही मोडतात. पिढ्यानपिढ्या दुधासाठी निवडलेल्या रक्तात ही ओढ तीव्र असते. कपिलेत ती नाही, म्हणून खाल्लेले तिच्या अंगी लागते.

गाय थोडी उतरणे हा आजार नव्हे. शरीरस्थितीच्या १ ते ५ गुणांच्या मोजपट्टीवर विताना तीन-सव्वातीन असलेली गाय अडीचपर्यंत आली तरी चालते. ती झपाट्याने त्याखाली गेली, तर कितनबाधेचा (चरबी अति वितळून रक्तात कीटोन साठण्याचा आजार) धोका वाढतो आणि माज लांबतो. खरी फसवणूक ‘पोटभर पेंढा’ या शब्दांत आहे, कारण पेंढ्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के असतात आणि कोठीपोटातील जागा मात्र तो अडवून बसतो.

मांसविज्ञानाचा विद्यार्थी, रत्नागिरी:
महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबरच बैल आणि वळूंच्याही कत्तलीला बंदी असल्यामुळे दुसरा प्रश्न आपल्याकडे केवळ माहितीपुरता उरतो. दूध थेट मांस बिघडवत नाही. परदेशात दुधाची गाय काही वेते झाल्यावरच कत्तलखान्यात जाते, आणि वयानुसार स्नायूंतील कोलॅजन या प्रथिनाचे धागे एकमेकांत घट्ट गुंतत गेल्याने मांस चिवट होते. दोष वयाचा असतो, नाव दुधाचे होते. होल्स्टीन या दुधाळ जातीच्या खच्ची केलेल्या तरुण गोऱ्ह्यांच्या मांसात चरबीचे बारीक जाळे चांगले धरते. फक्त हाडांच्या मानाने स्नायू कमी भरतात आणि बरीचशी चरबी पोटातील अवयवांभोवती साठते. याच्या उलट टोकाला बेल्जियन ब्लू ही मांसाची जात आहे. स्नायूंची वाढ आवरणाऱ्या मायोस्टॅटिनच्या जनुकातील बिघाडामुळे तिचे पुठ्ठे अवाढव्य होतात, पण ती दुधाला बेताची.

शेळीपालक, कुडाळ:
एक पुरवणी. आमच्या कोकण कन्याळ शेळ्या मांसासाठीच पाळल्या जातात, तरीही आम्ही माद्या निवडताना कास पाहतो, कारण करडाचे पहिल्या दोन-तीन महिन्यांतील वजन आईच्या दुधावरच ठरते.

पडवीकर, गुहागर:
आभारी आहे. हिरवा चारा दिवाळीनंतर आमच्याकडे संपतोच. मग पेंढ्याचे काय करावे?

निवृत्त पशुवैद्य, दापोली:
१०० किलो पेंढ्यावर ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, दाबून हवाबंद झाकावा आणि तीन आठवड्यांनी उघडून, वास उडाल्यावर, थोडा-थोडा घालण्यास सुरुवात करावी. युरियाचे उरलेले पाणी जनावराच्या तोंडी लागू देऊ नये. ते विषारी ठरते. सध्या मात्र पेंढा कमी करून पेंड आणि खनिज मिश्रण सावकाश वाढवा.