रविवार सकाळ, सोसायटी ग्रुप: बिअर, बाजार आमटी आणि काकूंचं पातेलं

सेक्रेटरी (ए-१०१): सर्व सभासदांना नमस्कार 🙏 काल रात्री बी विंगमध्ये साडेअकरापर्यंत हसण्याचा आवाज चालू होता. तसेच आज सकाळी सुक्या कचऱ्याच्या डब्यात काचेच्या बाटल्या आणि पत्र्याचे कॅन सापडले, घंटागाडीवाला मला विचारतो साहेब लग्न होतं काय. संबंधितांनी खुलासा करावा.

सी-४०१: संबंधित 😂

बी-१०३ अण्णा: साहेब आम्ही गच्चीवर नव्हतो हे आधी लिहून ठेवा. घरात होतो दार लावून होतो, हसायला पण आता एनओसी लागते का बे

बी-३०४: साहेब मीच तो संबंधित. बाटल्यांचं चुकलं, काच वेगळी बांधून द्यायला पाहिजे होती, रात्री साडेबाराला डोळ्यावर झोप होती म्हणून तशीच टाकली, आज मीच खाली येऊन वेगळी करतो. बाकी प्रकार असा की आमचे मेव्हणे पुण्याहून आले, येताना गाडीत आइसबॉक्स घालून चार प्रकारच्या क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या कारखान्यात थोड्या थोड्या बनवतात त्या, घेऊन आले, इंदापूर टेंभुर्णी मोहोळ करत चार तास बर्फात बसून बिअर आली, म्हटलं एकट्यानं काय प्यायची, सहा जणांना बोलावलं. माणशी प्रत्येक प्रकाराची अर्धा ग्लास, तोही टपरीवरच्या चहाचा कटिंग ग्लास. म्हणजे पिणं कमी आणि चर्चा जास्त. आवाज झाला तो चर्चेचा.

सेक्रेटरी (ए-१०१): परवाना होता का सगळ्यांकडे? बिअरला वय २१ लागतं, आणि परवाना लागतोच.

बी-१०३ अण्णा: साहेब सहातल्या चौघांचे केस पांढरे झालेत, वय कुठलं विचारताय

बी-३०४: परवाने आहेत साहेब. आणि गाडी कुणीच चालवली नाही, सगळे जिन्यानं आले जिन्यानं गेले.

ए-२०२ काकू: माझं पातेलं कुठाय

बी-३०४: काकू तुमचं पातेलं माझ्याकडे सुखरूप आहे. आणि आता सगळ्यांसमोर सांगतो, काल रात्रीचा हिरो बिअर नव्हती, काकूंची बाजार आमटी होती. पाच डाळींची, वर लाल तवंग, त्यात कडक भाकरी चुरून. मेव्हणे पुण्यात राहतात, त्यांना वाटलं भाकरी शिळी आहे म्हणून कडक झालीय, "ताजी नाही का" म्हणाले. सगळे हसलो तोच तो साडेअकराचा आवाज साहेब.

सी-४०१: पण दादा ते आयपीए, म्हणजे ती कडू बिअर, आणि शेंगा चटणीचं सांगा ना, मी कालपासून त्या धक्क्यात आहे. नेटवर सगळीकडे लिहिलंय तिखट जेवणाबरोबर आयपीए घ्या म्हणून

बी-३०४: नेटवर लिहिणाऱ्यानं सोलापूरची चटणी खाल्लेली नाही. सांगतो काय झालं ते. आम्ही क्रम लावला होता, हलकी आधी, गडद शेवटी, म्हणजे पहिली गव्हाची, मग ती बेल्जियन पद्धतीची विटबिअर, मग आयपीए, शेवटी ती काळी स्टाउट. पण अण्णांनी क्रम मोडला. चटणीचा मोठा चमचा भाकरीवर घेतला, वर आयपीएचा मोठा घोट, आणि पुढची दोन मिनिटं माणूस काही बोललाच नाही, नुसता पंख्याकडे बघत बसला

बी-१०३ अण्णा: कानातून वाफ निघाली माझ्या. लहानपणापासून चटणी खातोय, अशी कधी लागली नव्हती

बी-३०४: त्याचं कारण आहे. तिखटातला जो झोंबणारा भाग असतो तो पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतो. पण बिअरमध्ये अल्कोहोल असतंच किती, पाच सहा टक्के, बाकी सगळं पाणी, म्हणजे तिखट जायच्या ऐवजी तोंडभर पसरतं. त्यात गॅसचे बुडबुडे स्वतःच जिभेला टोचतात. आणि आयपीएचा कडूपणा भाजलेल्या जिभेवर दुप्पट लागतो. आगीत तेल. काकूंनी पाठवलेलं दही नसतं तर अण्णांना आज सुट्टी घ्यावी लागली असती, दह्यातलं प्रथिन आणि स्निग्धांश तिखटाला धरून खाली नेतात.

ए-२०२ काकू: आज रविवार आहे, सुट्टीच आहे. आणि चटणीला नावं ठेवू नका. उखळात कुटलेली आहे, मिक्सरची नाही. दाणे खरपूस भाजून सालं काढून लसूण जिरं तिखट मीठ घालून तेल सुटेपर्यंत कुटायची असते, मनगट दुखतं. मिक्सरमध्ये त्याचा नुसता भुगा होतो.

बी-३०४: काकू नावं नाही ठेवत, उलट त्या तेलानंच एक गंमत केली. बिअर ओतली की वर छान फेस यायचा, दोन बोटं. पहिला घोट घेतला की फेस गायब. मेव्हणे म्हणाले बिअर खराब झाली प्रवासात. मग लक्षात आलं, ओठाला चटणीचं तेल लागलेलं असतं, तेल लागलं की बिअरचा फेस मरतो. ज्यानं अजून चटणीला हात लावला नव्हता त्याच्या ग्लासात फेस तसाच उभा होता. ग्लासाला साबण राहिला तरी हेच होतं. मग आम्ही दर वेळी ओठ पुसून पिऊ लागलो, सहा माणसं रुमाल घेऊन बसलेली, लग्नातल्या पंगतीसारखी

ए-३०२ आबा: हे वाचून मजा आली. मग जमली कोणती ते सांगा, फजितीच सांगताय.

बी-३०४: आबा, बाजार आमटीला गव्हाची बिअर. त्याला तोड नाही. तिच्यात कडूपणा अगदी थोडा, अंगात जरा गोडवा, आणि वास येतो केळ्याचा आणि लवंगेचा. त्यात केळं पण नसतं लवंग पण नसते बरं का, जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला जे यीस्ट वापरतात ते आंबवताना स्वतःच तो वास तयार करतं. आणि आमटीच्या काळ्या मसाल्यात खरी लवंग. दोघी जणू एका गावच्या. भरल्या वांग्याबरोबर पण तीच चालली. मला आधी वाटत होतं हे क्राफ्ट वगैरे शहरातल्या लोकांचं खूळ आहे, चारशे रुपयांचं पाणी, काल रात्री मत थोडं बदललं. पूर्ण नाही, थोडं.

सी-४०१: आणि विटबिअर?

बी-३०४: तिच्यात धने घालतात. संत्र्याची साल आणि धने.

ए-२०२ काकू: धने? बिअरमध्ये? फोडणी पण देतात का

बी-१०३ अण्णा: 😂😂 काकू पुढच्या वेळी कढीपत्ता

बी-३०४: ती मटणाच्या अळणी रश्श्याबरोबर बरी लागली, धपाट्याबरोबर पण. तिखट रश्श्यापुढे मात्र हरवून गेली बिचारी.

ए-२०२ काकू: ते कडू कडू म्हणताय ते कशानं होतं, कडुलिंब घालतात का

सी-४०१: काकू हॉप्स म्हणून एका वेलीची फुलं असतात, हिरवी, छोट्या कणसासारखी. त्यानं कडूपणा येतो, वास येतो आणि बिअर टिकते पण. थंड हवा लागते, आपल्याकडे हिमाचलात लाहौलला थोडी पिकतात. भांगेच्या कुळातली वेल आहे

सेक्रेटरी (ए-१०१): भांग???? काल बी विंगमध्ये भांग होती का? कृपया त्वरित खुलासा.

सी-४०१: साहेब नाही नाही, कुळ एक आहे फक्त, नशा नसते त्यात. बटाटा आणि तंबाखू पण एकाच कुळातले आहेत

सेक्रेटरी (ए-१०१): असे अर्धवट मेसेज टाकू नयेत. ग्रुपवर ज्येष्ठ नागरिक आहेत.

ए-३०२ आबा: ज्येष्ठ नागरिक मजेत आहेत साहेब. बरं हे आयपीएचं पूर्ण नाव इंडिया पेल एल, त्यात इंडिया कुठून आलं? आपण तर कधी केली नाही.

सी-४०१: आबा इंग्लंडहून इकडच्या गोऱ्या लोकांसाठी जहाजातून यायची. चार सहा महिन्यांचा प्रवास, उष्ण समुद्र, म्हणून हॉप्स जास्त घालून पाठवायचे. अशी बिअर खास हिंदुस्थानसाठी शोधली ही नंतरची दंतकथा, तशी बिअर तिकडे आधीपासून होतीच, नाव मात्र पुढे इंडियाचं चिकटलं. म्हणजे आपल्या नावाची बिअर आपल्याच चटणीला चालत नाही

बी-१०३ अण्णा: गोऱ्यांनी चटणी खाल्ली असती तर नाव बदललं असतं. लय वाईट नाव ठेवलं असतं

ए-३०२ आबा: मला एक कळत नाही. बिअर बार्लीची, गव्हाची, मग ज्वारीची का नाही? मंगळवेढ्याची मालदांडी, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली ज्वारी आपल्या अंगणात, आणि आपण बार्लीचं पुण्याहून आणतोय. मी शाळेत शेती शिकवायचो तेव्हा वाचलं होतं, आफ्रिकेत घरोघर ज्वारीची बिअर करतात.

बी-३०४: आबा बरोबर आहे तुमचं. नायजेरियात १९८८ मध्ये सरकारनं बार्लीच्या माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीची, आयातच बंद केली, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कंपन्या पण ज्वारी आणि मक्याकडे वळल्या. अवघड एवढंच की दाण्यातल्या पिठाची साखर करणारे जे एन्झाइम असतात ते मोड आलेल्या ज्वारीत बार्लीपेक्षा कमी पडतात, मग बाहेरून घालावे लागतात. बाकी पद्धत तीच, धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, भाजायचं, भरडायचं, गरम पाण्यात ठेवून गोड पाणी काढायचं, हॉप्स घालून उकळायचं, गार करून यीस्ट घालायचं.

ए-२०२ काकू: भिजवा, भरडा, आंबवा. ही तर आंबिल झाली. माझी आजी उन्हाळाभर करायची ज्वारीच्या पिठाची, ताक घालून, वर लसणाचा ठेचा. तिनं चारशे रुपये नाही घेतले कुणाकडून

बी-१०३ अण्णा: 👏👏👏

बी-३०४: काकू आंबिल ताकातल्या जिवाणूंनी आंबते म्हणून आंबट होते, बिअर यीस्टनं आंबते म्हणून अल्कोहोल होतं, पण बहिणी म्हणायला हरकत नाही. पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागच्या जागी बिअर बनवून विकणारी जागा, २००९ ला सुरू झाली, बेंगळुरूला टॉइट २०१० ला, आज तिकडे गल्लोगल्ली अशा मायक्रोब्रुअरी आहेत. तुमच्या आजीला कुणी विचारलं नाही एवढंच.

ए-२०२ काकू: आजीला विचारलं असतं तर तिनं लाटणं घेतलं असतं हातात

सी-४०१: स्टाउट राहिली. स्टाउट सांगा

बी-३०४: स्टाउट सगळ्यात शेवटी काढली. काळी, कोळशासारखी. मेव्हणे म्हणाले मटणाबरोबर घ्या. घेतली, ठीक लागली, विशेष काही नाही. मग आमच्या सौंनी काहीच न बोलता शेंगापोळीचं ताट पुढे सरकवलं, संक्रांतीपासून डब्यात होत्या. गूळ आणि भाजलेले दाणे. एक तुकडा पोळी, एक घोट स्टाउट, आणि सहाच्या सहा माणसं गप्प. त्या काळ्या बिअरमधलं धान्य कॉफीसारखं काळं होईपर्यंत भाजलेलं असतं, आणि इकडे दाणे खरपूस भाजलेले, भाजल्याचा वास दोन्हीकडे सारखाच. वरून गुळाचा गोडवा त्या कडूपणाला बरोबर झाकतो. अण्णांनी डोळे मिटले

बी-१०३ अण्णा: मिटले. कबूल. माझी बायको म्हणते पंचवीस वर्षांत माझ्या स्वयंपाकाला कधी मिटले नाहीत. आज सकाळपासून घरात चहा मिळालेला नाही, कुणी वर बोलवत असेल तर सांगा

ए-३०२ आबा: ये वर. चहा टाकतोय.

बी-२०१ वहिनी: मला एक विचारायचंय, सहाच्या सहा माणसं म्हणताय ते सगळे पुरुषच का? वांगी आम्ही भरली, धपाटे आम्ही थापले, शेंगापोळी बी-३०४ च्या वहिनींची, आमटी काकूंची. आणि चव कळली तुम्हाला होय

सी-४०१: 🫣

*हा मेसेज डिलीट केला गेला*

बी-२०१ वहिनी: अण्णा डिलीट केलेला वाचलाय मी

बी-३०४: वहिनी मान्य. पुढच्या वेळी ज्यांना चव घ्यायचीय त्या सगळ्या या, ज्यांना नको त्यांच्यासाठी कोकम सोडा. भाकरी आम्ही आणू बाहेरून, कडक भाकरी मिळतेच पाकिटात, आणि भांडी पण आम्हीच घासू.

बी-२०१ वहिनी: लिहून दिलंय, स्क्रीनशॉट घेतला

सेक्रेटरी (ए-१०१): पुढील कार्यक्रम ठेवताना खालील गोष्टी पाळाव्यात. रात्री दहानंतर आवाज नको. काच वेगळी बांधावी. गच्ची मिळणार नाही. ड्राय डे बघून तारीख ठरवावी, आपल्या जिल्ह्यात आषाढी आहे हे विसरू नये. आणि शनिवारऐवजी रविवारी दुपारी ठेवल्यास बरे, शनिवारी माझा उपास असतो.

बी-१०३ अण्णा: साहेब!!!

सी-४०१: साहेब येणार 😂😂

सेक्रेटरी (ए-१०१): देखरेखीसाठी.

बी-३०४: साहेबांसाठी गव्हाची राखून ठेवतो. काकू पातेलं संध्याकाळी आणून देतो.

ए-२०२ काकू: रिकामं आणू नका. आपल्यात भांडं रिकामं परत देत नाहीत

बी-३०४: बिअर घालून आणू का मग 🙂

ए-२०२ काकू: शेंगदाणे घाला. दोन किलो, नवीन, खवट नको. त्या रविवारची चटणी मलाच कुटायचीय ना. आणि अण्णांना सोबत पाठवा, या वेळी उखळाला त्यांचं मनगट लावू

बी-१०३ अण्णा: आबा चहा ठेवा, मी वरच राहतो आता