मन वाचणाऱ्या पात्राला आवरायचं कसं?

डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्या भूमिका वठवण्याच्या खेळात एखाद्या खेळाडूचं पात्र मन वाचू लागलं, तर खेळ चालवणाऱ्याने रहस्य टिकवायचं कसं? यावर 'प्रत्येक खलनायकाला मनोवाचन रोखणारी अंगठी द्या' ही सूचना काही पटली नाही. खेळाडूने हौसेनं निवडलेली शक्ती दर वेळी निकामी ठरली तर तो वैतागणारच.

आधी नियम नीट वाचा. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४च्या नियमांत 'डिटेक्ट थॉट्स' हा मनोवाचनाचा मंत्र जेमतेम मिनिटभर टिकतो, पल्ला ३० फूट, आणि कॉन्सन्ट्रेशन (सलग एकाग्रता) लागतं. सुरुवातीला कळतात ते फक्त वरवरचे विचार. म्हणजे कारभाऱ्याच्या डोक्यात कट नसतो, 'जोडा चावतोय, ही मंडळी टळणार कधी?' एवढंच असतं. खोल शिरायचं तर त्याला विस्डम सेव्ह (फासा टाकून मंत्र परतवण्याची संधी) मिळतो, आणि सेव्ह जमो वा फसो, कुणीतरी मनात घुसतंय हे त्याला कळतंच. शिवाय मंत्र पुटपुटणं, हातवारे करणं आलंच. भर दरबारात हे केलं तर पहारेकरी काय करतील? (सटल स्पेलवाला सॉर्सरर, म्हणजे न पुटपुटता, हातवारे न करता मंत्र टाकणारा जादूगार असेल तर मात्र तुमचं कठीण आहे!)

माझी आवडती युक्ती वेगळीच. माहिती खुशाल द्या, अगदी खरी द्या. साक्षीदाराला मनापासून वाटतंय की खून धाकट्या भावाने केला, कारण त्याला तसंच दाखवलं गेलंय. मनोवाचनाने त्याची खात्री कळते, सत्य नाही. किंवा गुन्हेगार पहिल्याच सत्रात सापडू दे; पण पुराव्याशिवाय न्यायाधीश ऐकेल का? पुरावा शोधायला बाकीची पार्टी (इतर खेळाडूंची पात्रं) लागतेच, म्हणजे चोर आणि योद्धा नुसते बसून राहत नाहीत.

तरीही तो खेळाडू एकटाच सगळा भाव खात असेल तर खेळाबाहेर त्याच्याशी सरळ बोला.