संगणकाच्या इतिहासातला सर्वांत मोठा टप्पा: यंत्र की तह?

जुना मोडेम
संगणकाच्या इतिहासाची कुठलीही यादी उघडा, पहिल्या पंगतीला तीच मंडळी. १९४६ चा एनियाक हा अवाढव्य संगणक, १९४७ चा ट्रान्झिस्टर (वीज चालू-बंद करणारा चिमुकला भाग), १९७१ ची इंटेल ४००४ चिप, १९८१ चा आयबीएम पीसी. सगळी यंत्रं! माझ्या मते या सगळ्यांच्या वर १ जानेवारी १९८३ हा दिवस हवा. त्या दिवशी कोणी काही शोधून काढलं नाही, काही विक्रीलाही आलं नाही. अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या यंत्रांनी एनसीपी ही जुनी बोली (म्हणजे एकमेकांशी बोलायचे नियम) सोडून टीसीपी/आयपी ही नवी बोली बोलायची असा जणू तहच ठरला होता, आणि बहुतेकांनी ते पाळलं. या नव्या बोलीचे जनक विंट सर्फ आणि बॉब कान यांचा मूळ निबंध १९७४ चा. म्हणजे कल्पना तयार होऊन नऊ वर्षं होत आली होती. घोडं अडलं होतं ते माणसांना वळवण्यात. १९८२ मध्ये तर एक दिवस एनसीपी मुद्दाम बंद ठेवून चालढकल करणाऱ्यांना चटका दिला गेला. बदल पार पडल्यावर ‘टीसीपी/आयपीच्या स्थित्यंतरातून मी वाचलो’ अशा अर्थाचे बिल्ले निघाले. नवीन यंत्र घेतल्यावर कोणी असे बिल्ले लावतं का?

सिलिकॉनवाला
साफ असहमत. बोली ठरवायला आधी बोलणारे तर हवेत! एनियाकमध्ये सुमारे १८ हजार निर्वात नळ्या होत्या, वजन ३० टनांच्या घरात. असली धुडं एकमेकांशी बोलून काय दिवे लावणार होती? बेल लॅब्जमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी डिसेंबर १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. १९७१ मध्ये एका ४००४ वर २,३०० ट्रान्झिस्टर मावले. गंमत म्हणजे ती चिपसुद्धा मुळात बिझीकॉम या जपानी कंपनीच्या हिशेबयंत्रासाठी बनली होती. तिथून पुढे यंत्र टेबलावर आलं. तह वगैरे नंतरचे सोपस्कार.

आणि ठरावांनीच जग चालत असेल, तर ओएसआय ही टीसीपी/आयपीची प्रतिस्पर्धी नियमावली का हरली? सात थर, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा शिक्का, सरकारांचा पाठिंबा, सगळं होतं. पण टीसीपी/आयपी चालत्या सॉफ्टवेअरच्या रूपात बर्कली विद्यापीठाच्या युनिक्स या कार्यप्रणालीसोबत घरपोच येत होतं. लोकांनी जे चालतं ते घेतलं.

गर्दीतला एक
दोघंही १९८३ लाच अडकलाय. तो तह पाळूनही जाळं चार वर्षांच्या आत गुदमरलं, ही गोष्ट कोणत्याच यादीत नसते.

ऑक्टोबर १९८६. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ, मधलं अंतर जेमतेम चारशे यार्ड. या दोघांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. चाळीस! म्हणजे सेकंदाला पाच अक्षरं. मजकूर कागदावर लिहून चालत नेला असता तरी आधी पोचला असता. कारण साधं होतं. पोच आली नाही की प्रत्येक यंत्र समजायचं, पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) हरवलं; आणि पुन्हा पाठवायचं. वाट आधीच तुंबलेली, त्यात तोच माल दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. नियम कोणीच मोडत नव्हतं, नियम पाळूनच कोंडी झाली होती.

व्हॅन जेकबसन यांनी माइक कॅरल्स यांच्यासोबत यावर तोड काढली, १९८८ मध्ये ती निबंधातून मांडली: सुरुवात हळू करायची, पोच मिळेल तसा वेग वाढवायचा आणि पॅकेट हरवलं की मुकाट हात आखडता घ्यायचा. वर कोणी हवालदार नाही. प्रत्येक यंत्र आपणहून मागे सरतं, म्हणून आजही जाळं उभं आहे. माझं मत १९८८ ला.

जुना मोडेम
अहो, मग तुम्ही माझ्याच बाजूचे! हा रीतभातीचाच विजय आहे. चिप कितीही वेगवान आणली असती तरी ही कोंडी फुटली नसती, उलट वाढली असती.

सिलिकॉनवाला
रीतभात कसली? ती सुधारणा बर्कलीच्या युनिक्सच्या पुढच्या आवृत्तीत आली, लोकांनी ती चढवली. सभा नाही, शपथविधी नाही. वापरणाऱ्या कित्येकांना पत्ताही नसेल की आपलं यंत्र आता सभ्य झालंय.

वाचनमात्र
एरवी नुसती वाचते, पण ३० एप्रिल १९९३ कोणीच कसं काढलं नाही? त्या दिवशी सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेने वेबचं सॉफ्टवेअर जगाला खुलं केलं. त्याच्या थोडंच आधी मिनेसोटा विद्यापीठाने गोफर या वेबच्या प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हरसाठी शुल्क घेणार म्हणून सांगितलं होतं. पुढे गोफर कुठे गेलं ते दिसतंच आहे. इथे ना यंत्र, ना तह. नुसतं हक्क सोडणं.

सिलिकॉनवाला
हे मात्र मान्य. मोडेमराव, तुम्हाला एकच प्रश्न. तहात एवढी ताकद आहे, तर आयपीव्ही६ या इंटरनेटच्या पत्त्यांच्या नव्या पद्धतीचं काय झालं? जुन्या पद्धतीच्या ३२ बिटांत जेमतेम ४२९ कोटी पत्ते बसतात. वाटपाचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. नवा आराखडा तर १९९० च्या दशकातच तयार होता. तरी जुनं आणि नवं अजून शेजारीशेजारी नांदतंय. दुसरी १ जानेवारी का उजाडली नाही?

जुना मोडेम
कारण तेव्हा यंत्रं काही शेच होती आणि चावी अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या हातात होती. त्यांनी ठरवलं तर एनसीपीची वाहतूक मधल्या यंत्रांमध्येच अडवता येत होती. आज अशी चावी कोणाकडेच नाही. (हे लिहिताना लक्षात येतंय, मी ज्याला तह म्हणत होतो तो निम्मा हुकूमच होता.) शीर्षकातला ‘तह’ मागे घेतो. तारीख नाही घेत.

सिलिकॉनवाला
हुकूम म्हणा, चालेल. पण तो पाळणारी ती काही शे यंत्रं माझ्या खात्यात मांडा.