रांगणारी लेक, भाड्याचं घर आणि जमिनीवरची विळी

चिऊची_आई (डोंबिवली)

लेक साडेआठ महिन्यांची. परवापरवापर्यंत पोटावर सरपटत होती, गेल्या गुरुवारपासून गुडघ्यांवर सुटलीय. वन बीएचके, तेही भाड्याचं; एक खिळा ठोकायचा तरी मालकांना फोन. टीपॉयच्या कोपऱ्यांना रबर लावलं, ते तिने दुसऱ्याच दिवशी सोलून तोंडात घातलं. म्हणून टीपॉयच माळ्यावर गेला.

खरी पंचाईत वेगळीच आहे. सासूबाई जमिनीवर विळी मांडून भाजी चिरतात, चाळीस वर्षांची सवय. देवघर चौरंगावर. निरांजन, काडेपेटी, कापराची डबी, सगळं बरोब्बर तिच्या हाताच्या उंचीवर. काल डबी तिच्या हातात सापडली. झाकण घट्ट होतं म्हणून निभावलं. मी ऑफिसातून येईपर्यंत आईच तिला सांभाळतात, त्यांना दुखवायचं नाहीये. कुठून सुरुवात करू?

दोन_पोरांची_माय

आधी स्वतः गुडघ्यांवर हो आणि घरभर रांग. हसू नकोस. मला सोफ्याखाली एक सेफ्टी पिन, तीन शेंगदाणे आणि सासऱ्यांची बीपीची एक गोळी मिळाली होती. अख्खे शेंगदाणे, फुटाणे चार-पाच वर्षांपर्यंत घशात अडकायची भीती, तेव्हा चिवड्याचा डबा खाली बसून खायचा नाही, घरातल्या पुरुषांनाही सांग.

आणि बाथरूममधली भरलेली बादली! पाणी जाईल म्हणून आपण भरून ठेवतो. बाळाचं डोकं जड, वाकलं की तोल जातो आणि परत वर येता येत नाही. थोडं पाणीही पुरतं. बादली पालथी, दाराला बाहेरून वरची कडी.

निवृत्त_वायरमन

ताई, सॉकेटची सुटी झाकणं लावणार असाल तर ओढून बघा. सहज निघालं तर पोर तेच तोंडात घालणार. त्यापेक्षा आतून शटर असलेले सॉकेट मिळतात, मालकाला सांगून खालचे दोन-तीन बदला. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का तेही विचारा. करंटची गळती झाली की हा सुरक्षा स्विच वीज तोडतो. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर नको, आणि चार्जरचं बटण चालू ठेवून टोक लोंबकळत सोडू नका. हे मी माझ्या सुनेला रोज सांगतो, रोज.

बालरुग्ण_नर्स

चिऊची आई, कापराचं हलक्यात घेऊ नका. थोडासा पोटात गेला तरी लहान मुलांना काही मिनिटांत झटके येऊ शकतात. बामसुद्धा वर ठेवा. गेलाच पोटात, तर उलटी करवायची नाही, डबी सोबत घेऊन थेट हॉस्पिटल. गाडी नसेल तर १०८.

दुसरं म्हणजे बटण सेल. रिमोटात, गाणाऱ्या खेळण्यांत, वजनकाट्यात असतात. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. पोटातून आपोआप निघेल म्हणून वाट बघत बसू नका. ज्या खेळण्याच्या सेलच्या झाकणाला स्क्रू नाही ते आजच बाजूला करा.

चिऊची_आई

सगळ्यांचे आभार. रांगून पाहिलं. फ्रिजखाली हरवलेलं कानातलं सापडलं, म्हणजे माझाही फायदा.

आईंकडे विळीचा विषय काढायला तीन दिवस घेतले. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या हनुवटीवर खूण आहे ना, ती कसली वाटते तुला?" मी आजवर समजत होते क्रिकेटची! मग त्यांनीच विळी आडवी करून कपाटावर ठेवली. गुडघ्यांमुळे ओट्याशी उभं राहवत नाही, म्हणून आता खुर्चीत बसून फोल्डिंग टेबलावर सुरीने चिरतात. भेंडी नीट होत नाही ही तक्रार रोज असते.

देवघर फ्रिजवर नको म्हणाल्या, बंद शिलाई मशीनवर चाललं. कापूर वरच्या फळीवर.

राहिलं लोखंडी कपाट. ती त्याला धरून उभी राहायला बघते आणि ते डुगडुगतं. भिंतीला पट्टीने आवळायचंय, मालक फोन उचलत नाहीत. वायरमनकाका, भोक न पाडता काही होतं का?

निवृत्त_वायरमन

नाही होत. जड सामान खालच्या खणात टाका, पायाखाली पाचर मारा, आणि मालकाला मेसेज करून भोक पाडाच. जाताना पुट्टीने बुजवता येतं.