सॅटचं व्याकरण : कानाला बरोबर वाटतं तेच चुकतं, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सॅटची (अमेरिकेतल्या कॉलेजांसाठीच्या प्रवेश परीक्षेची) तयारी करतेय. वाचन-लेखनात ६४ मिनिटांत ५४ प्रश्न, म्हणजे एकाला जेमतेम ७१ सेकंद. उतारे जमतात, अडतं ते व्याकरणापाशी. नियम विचारलेत तर घडाघडा सांगेन, पण चूक समोर असूनही दिसत नाही. वाक्य मनात वाचते आणि कानाला पटेल तो पर्याय निवडते. कालच्या सरावातल्या या दोन चुका:

'द बॉक्स ऑफ ओल्ड लेटर्स ___ फाउंड.' मी 'वेअर' निवडलं, उत्तर 'वॉज'.

'वॉकिंग इनटू द रूम, ___.' मी 'द लाइट्स वेंट आउट' निवडलं, उत्तर 'शी सॉ द लाइट्स गो आउट'. यात माझं काय चुकलं ते अजूनही कळलेलं नाही.

कानावर विसंबणं सोडायचं कसं?

प्रतिसाद :
तुमचा कान चांगला आहे, फक्त तो मराठी आहे. 'जुन्या पत्रांची पेटी सापडली' यात पेटी क्रियापदाला खेटून येते. इंग्रजीत पेटी आधी येते आणि क्रियापदाशेजारी पत्रं. शेजारच्या शब्दाकडे बघायची आपली सवय तिथे फसते. 'ऑफ'पासून पुढचं बोटाने झाका, उरतं 'द बॉक्स वॉज'.

दुसरं जास्त फसवं आहे. 'खोलीत शिरताना दिवे गेले' हे मराठीत खटकत नाही, कारण '-ताना'चा कर्ता वेगळा चालतो. इंग्रजीत स्वल्पविरामानंतर लगेच येणारं नामच खोलीत शिरतं. तुमच्या पर्यायात दिवे चालत आले! अशा प्रश्नात मी आधी प्रत्येक पर्यायाचा फक्त कर्ता बघायला लावतो.

आणि वाक्याआधी पर्याय वाचा. फक्त क्रियापद बदलत असेल तर कर्ता शोधा; पर्यायांत एकवचन-अनेकवचनाचा फरक नसेल तर काळ तपासा. फक्त विरामचिन्हं बदलत असतील तर दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य आहे का ते बघा. असेल, तर नुसता स्वल्पविराम बाद.

धागाकर्ती :
दिवे चालत आले, हे वाचल्यावर लख्ख कळलं! मनापासून आभार. जुन्या चुकांची वही काढून बसले, कर्त्याच्या सात चुकांपैकी सहा बोटाने झाकून सुटल्या. उरलेली : 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स ___ अ‍ॅबसेंट.' झाकलं तर 'नंबर' उरतो, मग 'इज' का नाही?

प्रतिसाद :
इथे झाकू नका. 'अ नंबर ऑफ' म्हणजे 'बरेच', म्हणून 'आर'. 'द नंबर ऑफ' असेल तेव्हा खरोखर संख्येबद्दल बोलणं असतं, तिथे 'इज'.