रामसेसला सगळं माफ, आणि क्लिओपात्रा चेटकीण?

सांजवारा:
परवा इथे एकांनी अ‍ॅन राइसच्या 'द ममी, ऑर रामसेस द डॅम्ड' ह्या कादंबरीवर लिहिलं होतं की लंडनमधली लव्हस्टोरी झकास, पण क्लिओपात्रा उठली आणि पुस्तकाचा विचका झाला, ती बया नुसती माणसं मारत सुटते. वाचून डोकं फिरलं. उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा काढतेय.

अहो, विचका तिने नाही केला, रामसेसने केला, म्हणजे अमृत पिऊन अमर झालेल्या त्या इजिप्तच्या जुन्या राजाने. जरा आठवा काय होतं ते. १९१४ साल, कैरोचं म्युझियम, काचेखाली एक बिननावाची ममी, नाईलच्या गाळात सापडलेली. हा तिला ओळखतो आणि कुणाला न विचारता अंगावर अमृत ओततो, तेही पुरतं नाही. बोटांची हाडं उघडी, मांस ठिकठिकाणी झडलेलं, डोक्यात आठवणींचे तुकडे, अशा अवस्थेत ती बाई उठते. मरण तिने स्वतः पत्करलं होतं! अँटनीसाठी, म्हणजे तिच्या रोमन प्रियकरासाठी, तेच अमृत मागितलं तेव्हा ह्याने नाही म्हटलं होतं, आणि आता दोन हजार वर्षांनी स्वतःला राहवेना म्हणून तिला ओढून आणलं. खरं हॉरर इथे आहे. आणि तरी वाचक त्याच्यावर फिदा, का तर देखणा आहे, निळ्या डोळ्यांचा आहे.

तात्या_टिपणीस:
ताई, तुमची तळमळ पोचली, पण पायाच कच्चा असलेल्या पुस्तकावर एवढी इमारत कशाला? दुसरा रामसेस इ.स.पू. १२१३ च्या सुमारास गेला, क्लिओपात्रा इ.स.पू. ३० मध्ये. मध्ये जवळजवळ बाराशे वर्षं. शिवाय ती वंशाने मॅसिडोनियन ग्रीक, टॉलेमींच्या घराण्यातली, अलेक्झांड्रियाची. ह्या दोघांना एका कथेत आणायचं कारण एकच, दोन नावं लोकांना माहीत आहेत. तिसऱ्या रामसेसवर कुणी कादंबरी लिहितं का? इजिप्त म्हटलं की हीच चार नावं, वीस वर्षं हेच बघतोय, वैताग आलाय. मुळात रामसेसची ममी १८८१ मध्ये देर अल बहरीच्या गुप्त खड्ड्यातून काढली, १८८६ मध्ये मास्पेरो ह्या फ्रेंच संशोधकाने पट्ट्या सोडल्या, हे सगळं जगजाहीर असताना तो जिवंत फिरतोय म्हणायचं?

सांजवारा:
बाराशे वर्षांचं अंतर हाच तर कथेचा कणा आहे. तो अमर आहे म्हणून अधूनमधून झोपतो आणि राजे लोक सल्ल्यासाठी त्याला उठवतात, असंच तिथे तो तिला भेटतो. वाचलंय ना पुस्तक?

तात्या_टिपणीस:
वाचलंय. दोनदा. असले प्रश्न विचारायचे नाहीत.

गच्चीवरचा_वाचक:
मला दोघांचंही पटत नाही. रामसेस स्वार्थी आहे हे लेखिकेला पक्कं माहीत आहे, म्हणून तर तो धान्याचा प्रसंग घातलाय. अमृत पिकावर टाकून बघतो, म्हणजे दुष्काळच संपेल, पीक कापलं की परत उगवतं, आणि ते खाल्लेली माणसं तडफडून मरतात कारण ते धान्य पोटात गेलं तरी मरत नाही. शेवटी समुद्रात टाकावं लागतं. आमच्या घरी शेती आहे, मला ह्या दोन पानांनी जेवढं घाबरवलं तेवढं क्लिओपात्राच्या हाडांनी नाही घाबरवलं. अमृत मिळवलं तेही हित्ती (इजिप्तच्या शत्रुराज्यातल्या) पुजारणीला मारून. एवढं होऊनही तो शिकत नाही. पण म्हणून क्लिओपात्रा निर्दोष? रस्त्यात भेटलेल्यांचा काय गुन्हा होता? अर्धवट उठवलं हे कारण झालं, सूट नाही मिळत त्यावर.

बडोद्याची_लेक:
जरा वेगळं बोलते. कादंबरीत तिला काचेखाली ठेवलंय ना, मला तिथेच अडकायला होतं. आमच्या बडोद्याच्या म्युझियममध्ये सयाजीरावांच्या काळात आणलेली ममी आहे. लहानपणी आजीबरोबर गेले होते, तिने त्या खोलीच्या दाराशी चपला काढल्या, हात जोडले आणि आत आलीच नाही, म्हणाली कुणाच्या तरी घरची लेक आहे ती, तिला काय बघायचं. आत पोरं काचेवर टकटक करत होती, एक बाप खांद्यावर मुलगा घेऊन फोटो काढत होता. मेलेल्या माणसाला तिकीट लावून बघणं मला अजून पटत नाही.

क्षकिरण:
हे भावनिक बोलणं झालं. मी रेडिओलॉजीत काम करतो. रामसेसच्या दातांना गळू होतं, सांधे आखडलेले होते, हे कळलं ते ममी जपली आणि तपासली म्हणून. १९७६ मध्ये बुरशी लागली तेव्हा पॅरिसला नेऊन वाचवली, विमानतळावर लष्करी मानवंदना दिली. हा अपमान? पुरून ठेवली असती तर चोरांनी विकली असती.

बडोद्याची_लेक:
तपासा ना, कोण नको म्हणतंय! तपासणं वेगळं आणि शाळेची सहल आणून दाखवणं वेगळं. १८८१ मध्ये त्या ममी बोटीने कैरोला निघाल्या तेव्हा नाईलच्या काठाने बायका केस मोकळे सोडून रडत होत्या, गावात मयत झाल्यासारख्या. त्या पण भावनिकच? इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादत यांनी राजांच्या ममींची खोली बंद करायला लावली होती, ते काय अडाणी होते?

क्षकिरण:
आणि ती नंतर इजिप्तनेच उघडली. २०२१ मध्ये बावीस राजा-राण्यांची मिरवणूक काढून नव्या म्युझियमला नेलं, सगळ्या जगाला टीव्हीवर दाखवलं. त्यांचे पूर्वज, त्यांचा निर्णय. आपण इथून कोण सांगणार?

बडोद्याची_लेक:
मग बडोद्यातलीचा निर्णय कुणाचा? ती पण त्यांचीच ना? उत्तर द्या, मानवंदना नका सांगू.

क्षकिरण:
आवाज चढवून मुद्दा मोठा होत नाही. पण हो, आपल्याकडच्या ममीबद्दल इजिप्तला विचारलं पाहिजे, एवढं मान्य. फोटो काढू देऊ नयेत हेही.

तात्या_टिपणीस:
धागा कादंबरीचा होता. असो, मयताचा विषय निघालाच आहे तर सांगतो, क्लिओपात्राची कबर आजतागायत सापडलेली नाही. त्यामुळे बिननावाच्या ममीची कल्पना लेखिकेने बरोबर उचललीय, तेवढ्यापुरते मार्क द्यावे लागतील. बाकी बाराशे वर्षांवर मी ठाम आहे.

सांजवारा:
@बडोद्याची_लेक, तुम्ही विषय सोडलाय असं मला नाही वाटत. काचेत ठेवणारे आणि अमृत ओतणारा, दोघांनीही तिला विचारलं नाही. @गच्चीवरचा_वाचक, मेलेल्यांचा गुन्हा नव्हताच, पण हिशेब मागायचा तर आधी रामसेसकडे मागा, पुस्तक संपेपर्यंत तो कुणालाच देत नाही.

गच्चीवरचा_वाचक:
देत नाही कारण शेवट उघडा ठेवलाय. पुढचा भाग थेट २०१७ मध्ये आला, मुलगा ख्रिस्तोफरबरोबर लिहिलेला, आणि त्याच्या नावातच क्लिओपात्रा आहे. तो वाचून या, मग भांडू. तोवर खून ते खूनच.